वारा, थंडी आणि उबेचा जमाखर्च

हिवाळ्यातल्या पहाटे रस्त्याच्या कडेला झोपलेला कुत्रा तुम्ही पाहिलाच असेल. पाय पोटाशी घेऊन, अंगाचे वेटोळे करून आणि नाक शेपटीखाली खुपसून तो पडलेला असतो. उन्हाळ्यात तोच कुत्रा चारही पाय ताणून सावलीत पसरतो. असे का? 'थंडी वाजते म्हणून' हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. वेटोळे केल्याने नेमके काय साधते? नाकच का झाकायचे? आणि ज्यांना वेटोळे करता येत नाही, त्या पक्ष्यांनी आणि हरणांनी काय करायचे?

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातील निफाडला हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंश सेल्सियसच्याही खाली जातो. पण ही थंडी बहुधा निरभ्र आकाशाच्या, वारा पडलेल्या रात्री येते आणि सूर्य वर आला की ओसरते. जेथे थंडी, वारा आणि ओल एकत्र येतात आणि दिवसही लहान असतो, तेथे प्राण्यांची खरी परीक्षा होते. म्हणून आज आपण मनाने लंडनला जाऊ आणि तेथील रिचमंड पार्क या विस्तीर्ण उद्यानात एक फेरी मारू. दिवस जानेवारीतला. तापमान ५ अंश. वारा ताशी ३० किलोमीटर. आपल्याबरोबर साखळीला बांधलेला एक लॅब्रेडॉर कुत्रा आहे.

या फेरीत जो प्राणी दिसेल त्याच्याविषयी एकच प्रश्न विचारायचा: हा आपली ऊब कशी राखतो, आणि त्यासाठी त्याला किती किंमत मोजावी लागते?

थंडी वाजते म्हणजे काय होते?

'थंडी अंगात शिरते' असे आपण बोलतो. प्रत्यक्षात आत काही शिरत नाही. शरीरातील उष्णता बाहेर जाते. ती चार वाटांनी जाते. थंड जमिनीला अंग टेकले की वहनाने, वाहत्या हवेबरोबर अभिसरणाने, उघड्या आकाशाकडे प्रारणाने, आणि अंग ओले असेल तर बाष्पीभवनाने.

पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या शरीराचे तापमान जवळजवळ स्थिर असते. माणसाचे सुमारे ३७ अंश, कुत्र्याचे ३८ ते ३९ अंश, बदकाचे ४० अंशांहून थोडे अधिक. जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढी शरीरात पुन्हा निर्माण झाली पाहिजे, आणि ती होते अन्नापासून. अन्न ही जमा, बाहेर गेलेली उष्णता हा खर्च आणि अंगावरची चरबी ही शिल्लक. हिवाळ्यात खर्च वाढतो आणि नेमके त्याच वेळी अन्न दुर्मिळ होते. शिल्लक संपली की प्राणी मरतो. हिवाळ्याचा सारा प्रश्न एवढ्यात आला.

वाऱ्याने हा खर्च का वाढतो? आपल्या शरीराभोवती हवेचा एक पातळ थर असतो. शरीराच्या उष्णतेने तो उबदार झालेला असतो आणि एखाद्या अदृश्य पांघरुणासारखा काम करतो. वारा हे पांघरूण सतत ओढून नेतो. नवा थर तापवायला पुन्हा उष्णता खर्च होते. १९४१ साली पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकात पाण्याने भरलेले प्लास्टिकचे नळकांडे वाऱ्यात टांगले आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजले. वारा जितका जोराचा, तितके पाणी लवकर गोठे. त्यावरून वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी आकड्यात सांगण्याची पद्धत सुरू झाली. अमेरिका आणि कॅनडा या देशांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रात आपले आकडे घातले, तर ५ अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा म्हणजे माणसाच्या उघड्या चेहऱ्याला जवळजवळ ० अंशासारखी थंडी जाणवते.

येथे एक चूक टाळली पाहिजे. वाऱ्यामुळे तापमापीचा पारा ० अंशावर उतरत नाही. तो ५ अंशांवरच राहतो. कोरडी वस्तू वाऱ्यात हवेइतकी थंड लवकर होते, पण वाऱ्यामुळे हवेपेक्षा अधिक थंड होत नाही. ओल्या वस्तूची गोष्ट मात्र वेगळी. ती पुढे पाहू.

उद्यानाची ओळख

रिचमंड पार्क लंडनच्या नैर्ऋत्येस आहे. क्षेत्रफळ सुमारे ९५५ हेक्टर, म्हणजे साधारण २,३६० एकर. राजा पहिला चार्ल्स याने १६३७ साली शिकारीसाठी या जमिनीभोवती भिंत घालून आत हरणे ठेवली. राजाची शिकार इतिहासजमा झाली, हरणे मात्र राहिली. आज रेड डिअर आणि फॅलो डिअर या दोन जातींची मिळून सुमारे ६३० हरणे येथे मोकळी हिंडतात. यांपैकी रेड डिअर आपल्या सांबराच्या कुळातले. फॅलो डिअरच्या उन्हाळी अंगावर आपल्या चितळासारखे पांढरे ठिपके असतात. उद्यानात गवताळ माळ आहे, शेकडो वर्षांचे ओक वृक्ष आहेत आणि मध्यभागी पेन पाँड्स नावाची दोन तळी आहेत. लंडनवासी येथे रोज कुत्री फिरवायला आणतात.

आपल्या बरोबरचा कुत्रा

निरीक्षणाची सुरुवात साखळीच्या दुसऱ्या टोकापासूनच करू. लॅब्रेडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत दाट, मऊ लोकर आणि वर राठ केस. आतल्या थरात हवा अडकून राहते. स्थिर हवा उष्णतेची फार मंदवाहक असते. पाणी तिच्या सुमारे २४ पट अधिक उष्णता वाहून नेते. आपली गोधडी याच तत्त्वावर चालते. चिंध्यांच्या थरांमध्ये हवा कोंडली जाते. गोधडी स्वतः ऊब निर्माण करत नाही, आपलीच ऊब ती राखून ठेवते.

मग कुत्र्याचे उघडे तळवे बर्फासारख्या जमिनीवर का गारठत नाहीत? जपानमधील संशोधकांनी २०११ मध्ये कुत्र्याच्या तळव्यातील रक्तवाहिन्यांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. तळव्याकडे उबदार रक्त नेणाऱ्या रोहिणीला अगदी लगटून परतीच्या नीला असतात. जाणारे उबदार रक्त आपली उष्णता येणाऱ्या थंड रक्ताला देते. त्यामुळे तळव्यात पोचते ते कोमट रक्त आणि शरीरात परतते ते पुन्हा तापलेले रक्त. उष्णता अर्ध्या वाटेवरूनच घरी परत येते! या रचनेला प्रतिप्रवाही उष्णता-विनिमय म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा भेटणार आहे.

इतक्यात कुत्रा तळ्याकाठच्या पाण्यात उतरला आणि भिजून बाहेर आला. पहिली गोष्ट त्याने काय केली? अंग झाडले. हा खोडकरपणा नव्हे. समजा, त्याच्या केसांत अर्धा लिटर पाणी राहिले. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे ५०० ग्रॅम पाण्याला २९० किलोकॅलरी. मोठ्या कुत्र्याच्या दिवसभराच्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा केवळ अंग वाळवण्यात गेला असता. माठातले पाणी गार होते ते याच नियमाने. पण माठाला जे भूषण, तेच हिवाळ्यात कुत्र्याला संकट.

अमेरिकेतील जॉर्जिया येथील संशोधकांनी २०१२ मध्ये वेगवेगळे प्राणी अंग कसे झाडतात याचे वेगवान चित्रीकरण प्रसिद्ध केले. लॅब्रेडॉर सेकंदाला चार-पाच वेळा अंग हलवतो, तर उंदीर सुमारे तीस वेळा. प्राणी जितका लहान तितका त्याला वेग अधिक लागतो, कारण लहान वर्तुळात फिरणाऱ्या थेंबाला बाहेर फेकण्यासाठी अधिक वेग हवा. अशा झाडण्याने क्षणार्धात केसांतले बरेचसे पाणी उडून जाते आणि तेवढे इंधन वाचते.

सर्व कुत्री सारखी नसतात हेही ध्यानात घ्या. आपल्याकडील कारवानी कुत्रा सडपातळ आणि आखूड केसांचा. उष्ण, कोरड्या प्रदेशात शरीराची उष्णता लवकर बाहेर टाकायला ही ठेवण सोयीची आहे. लंडनच्या या वाऱ्यात मात्र त्याच्या अंगावर झूल घालावी लागेल.

तळ्यावर: उघड्या पायांचे कोडे

तळ्यात बदके आणि कुरव पक्षी आहेत. नीट पाहा, बहुतेकांची तोंडे एकाच दिशेला आहेत. ती वाऱ्याच्या दिशेकडे आहेत. पक्ष्याची पिसे डोक्याकडून शेपटीकडे झुकलेली असतात. वारा समोरून आला तर पिसे अंगाला चिकटून बसतात. मागून आला तर ती उचकटली जातात आणि आतली उबदार हवा निसटते. माळावरची हरणे, गायी किंवा घोडे मात्र जोराच्या वाऱ्यात बहुधा पाठ फिरवून उभे राहतात. त्यांच्या दृष्टीने डोळे, कान, नाक हे उघडे, नाजूक भाग आधी वाचवायचे असतात. वारा एकच, पण शरीराची ठेवण वेगळी म्हणून उपाय वेगळा.

बदकाचे पाय उघडे आहेत आणि गोठणाऱ्या पाण्यात आहेत. तेथे पुन्हा तीच युक्ती: रोहिणी आणि नीला लगटून, प्रतिप्रवाही विनिमय. शरीर ४० अंशांच्या वर आणि पंजा मात्र जवळजवळ पाण्याइतका थंड. पंजा थंड म्हणून त्यातून बाहेर जाण्याजोगी उष्णताच कमी. शिवाय पाय हलवणारे स्नायू वर पिसांच्या उबेत असतात. खाली असतात त्या मुख्यतः कंडरा आणि हाडे. त्यांना थंडीत काम करता येते. काठावरचे बदक एका पायावर उभे असेल, तर त्याने दुसरा पाय पिसांत घेऊन खर्चाची एक वाट बंद केली आहे असे समजावे.

काठावर राखी बगळा निश्चल उभा आहे. हा पक्षी आपल्याकडेही नदी-तलावांवर दिसतो. त्याची अडचण निराळी. तळे वरून गोठले तरी मासे सुखरूप राहतात, कारण ४ अंशांचे पाणी सर्वांत जड असते. ते तळाशी राहते आणि बर्फ वर तरंगतो. पण जो बर्फ माशाला वाचवतो, तोच बगळ्याच्या तोंडचा घास काढतो. इंग्लंडमध्ये १९२८ पासून राखी बगळ्यांची शिरगणती होत आली आहे. १९६२-६३ चा हिवाळा तेथे फारच कडक होता. तळी आणि ओढे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि त्यानंतरच्या गणतीत बगळ्यांची संख्या एकदम खाली आलेली दिसली. पिसे शाबूत होती. जमेची बाजू आटली होती.

लहान पक्षी: रात्र मोठी, शिदोरी लहान

झुडपात ब्लू टिट नावाचा चिमुकला पक्षी सतत हालचाल करतो आहे. त्याचे वजन अवघे ११ ग्रॅम. तो इतका गोल, चेंडूसारखा का दिसतो? त्याने पिसे फुलवली आहेत. पिसे फुलली की त्यांत अधिक हवा मावते, गोधडी जाड होते. आपल्या अंगावर काटा येतो तोही याच यंत्रणेचा अवशेष. फक्त आपल्या अंगावर तेवढे केस उरलेले नाहीत.

लहान शरीराला थंडी अधिक का बाधते, यामागे साधे गणित आहे. १ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. आता १० सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ ६०० आणि घनफळ १,०००. लहान घनात घनफळाच्या प्रत्येक एककामागे ६ एकके पृष्ठभाग, मोठ्यात फक्त ०.६. उष्णता निर्माण होते ती शरीराच्या आतल्या भागात, बाहेर जाते ती पृष्ठभागावरून. ११ ग्रॅमचा पक्षी आणि ११० किलोची हरिणी यांच्या वजनात १०,००० पटींचा फरक आहे. दोघांचा आकार सारखा धरला, तर दर ग्रॅम वजनामागे पक्ष्याचा पृष्ठभाग हरिणीच्या २१ पटींहून अधिक भरतो. थंड प्रदेशातील प्राणी त्यांच्या उष्ण प्रदेशातील भावंडांपेक्षा बहुधा आकाराने मोठे असतात, हे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बर्गमान याने १८४७ साली मांडले. त्याचा संबंध याच गणिताशी जोडला जातो.

आता यात घड्याळ मिळवा. डिसेंबरअखेरीस लंडनला सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. दिवस आठ तासांहूनही थोडा लहान, रात्र सोळा तासांची! मुंबईचा सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. ब्लू टिटला आठ तासांत एवढे खायचे आहे, की त्यावर सोळा तासांची रात्र निघावी. अशा एका रात्रीत लहान पक्ष्याचे वजन ५ ते १० टक्क्यांनी घटते. ५० किलो वजनाच्या विद्यार्थ्याने रात्री झोपावे आणि सकाळी अडीच ते पाच किलोंनी हलके होऊन उठावे, तसे हे झाले. आणि हे रोज रात्री!

म्हणून लहान पक्षी रात्री एकत्र येतात. लांब शेपटीचे टिट फांदीवर एकमेकांना चिकटून रांगेने बसतात. जेमतेम १० ग्रॅमचा रेन पक्षी एरवी एकलकोंडा आणि भांडखोर, पण कडाक्याच्या थंडीत पोकळीत गर्दी करतो. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात एका घरटेपेटीत साठाहून अधिक रेन रात्रीच्या निवाऱ्याला आल्याची नोंद आहे. अनेक लहान शरीरे चिकटली की जणू एकच मोठे शरीर होते. उघडा पृष्ठभाग घटतो. झोपलेला कुत्रा वेटोळे करतो तेव्हा तोही आपला उघडा पृष्ठभागच कमी करत असतो, आणि ओलसर, उघडे नाक शेपटीच्या केसांत लपवून आणखी एक वाट बंद करतो. एवढे करूनही १९६२-६३ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधील रेन पक्षी फार मोठ्या संख्येने मेले.

हरणे: काटकसरीची कमाल

माळाच्या पलीकडे, झाडांच्या आडोशाला रेड डिअरचा कळप बसला आहे. उन्हाळ्यातला तांबूस रंग जाऊन त्यांच्या अंगावर करड्या-तपकिरी रंगाचा दाट हिवाळी केसाळ थर आला आहे. ती हलत का नाहीत? आळसाने नव्हे.

ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे वॉल्टर आर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेड डिअरच्या शरीरावर छोटी यंत्रे बसवून हृदयाचे ठोके आणि तापमान यांची दीर्घकाळ नोंद केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एक नवल दिसून आले. हिवाळ्यातील थंड रात्री ही हरणे आपल्या शरीराची धग मंद करतात. हृदयाचे ठोके कमी होतात, बाहेरच्या अंगाकडे जाणारे रक्त कमी होते, आणि उराच्या कातडीखालचे तापमान १५ अंशांपर्यंतही उतरते. ही शीतनिद्रा नव्हे. हरीण सकाळी उठून चरू लागते. पण काही तासांपुरती ही मोठी बचत असते. चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवावेत, तसा हा प्रकार आहे.

या काटकसरीमागे शरद ऋतूतील कमाई असते. ओकची फळे आणि चेस्टनट खाऊन हरणे अंगावर चरबी चढवतात. म्हणूनच या उद्यानातून ही फळे गोळा करून नेण्यास मनाई आहे. आपल्याला ती मूठभर फळे वाटतात. हरणाच्या लेखी ती जानेवारीची शिल्लक असते.

खार, पोपट आणि न दिसणारे

करडी खार ओकच्या बुंध्याशी जमीन उकरते आहे. ही मूळची उत्तर अमेरिकेतली. १८७६ साली तिला इंग्लंडमध्ये आणून सोडण्यात आले. ती हिवाळाभर झोपत नाही. शरद ऋतूत तिने एकेक फळ वेगवेगळ्या जागी पुरून ठेवलेले असते आणि आता ती आपली कोठारे उघडते. घरट्यात झोपताना झुपकेदार शेपटी अंगावर ओढून घेते.

वरून ओळखीचा कर्कश आवाज आला. हिरवा रंग, लाल चोच, लांब शेपटी... होय, हा आपलाच कीर पोपट! पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यांची ही प्रजा १९६९ पासून इंग्लंडमध्ये वीण करते आहे. केंट विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये या पक्ष्यांच्या आनुवंशिक घटकांची तुलना केली. तेथील पोपटांचे मूळ प्रामुख्याने भारतीय उपखंडाच्या उत्तर भागात आहे असे दिसले, म्हणजे हिवाळा काहीसा ओळखीचा असलेल्या प्रदेशात. शहरातील लोक बागांमध्ये टांगतात ते दाणे आणि झाडांच्या ढोली यांनी त्यांना चांगलीच साथ दिली.

काही प्राणी दिसतच नाहीत. वटवाघळे झाडांच्या पोकळ्यांत शीतनिद्रेत आहेत. इंग्लंडमधील साळूसारखा काटेरी पण छोटा हेजहॉग पानांच्या ढिगात झोपलेला असतो. त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे १९० वरून २० पर्यंत उतरतात आणि शरीराचे तापमान १० अंशांच्याही खाली जाऊ शकते. त्याने खर्चच जवळजवळ बंद केला आहे. पण जाग आलीच, तर शरीर पुन्हा तापवायला चरबीचा मोठा साठा एकदम जळतो.

साखळी सुटली तर?

नोव्हेंबर २०११ मध्ये याच उद्यानातील एक चित्रफीत जगभर गाजली. एक लॅब्रेडॉर हरणांच्या मोठ्या कळपामागे सुसाट धावतो आहे आणि त्याचा मालक मागून हाका मारत पळतो आहे. लाखो लोकांनी ती पाहिली आणि ते हसले. आता आपण ते दृश्य जमाखर्चाच्या वहीतून पाहू.

कुत्र्याच्या दृष्टीने तो खेळ. धावून दमला तरी घरी भरलेले ताट आणि उबदार खोली आहे. हरणाला मात्र आडोसा सोडावा लागतो, मंद ठेवलेली धग एकदम पेटवावी लागते, शरद ऋतूत साठवलेली चरबी जाळावी लागते, आणि ती पुन्हा भरून काढायला माळावर पुरेसे गवत नसते. वारा तसाच वाहत असतो.

लहान पक्ष्यांचा हिशेब आकड्यांतच करू. आठ तासांचा दिवस म्हणजे ४८० मिनिटे. दिवसभरात दहा कुत्री एखाद्या झुडपाशी धावून गेली आणि प्रत्येक वेळी पक्ष्यांची दहा मिनिटे बुडाली असे धरू. शंभर मिनिटे गेली, म्हणजे कमाईचा पाचवा हिस्सा गेला. एकाही पक्ष्याला दात लागला नाही, तरी रात्रीची शिदोरी कमी पडली. दहा मालकांपैकी प्रत्येकाला मात्र वाटते, 'माझ्या कुत्र्याने कोणाला काय केले?'

म्हणूनच या उद्यानात हरणांपासून निदान ५० मीटर दूर राहण्यास सांगतात आणि मे ते जुलै या पाडसांच्या जन्मकाळात कुत्री साखळीला बांधणे सक्तीचे असते. कुत्र्याला फिरवू नये असा याचा अर्थ नाही. फिरणे त्याला हवेच. पण साखळी कोणासाठी, हे कळले पाहिजे.

हा धडा लंडनपुरता नाही. निफाड तालुक्यातच नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ आहे. हिवाळ्यात तेथे उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून आलेली बदके उतरतात. परतीच्या प्रवासाची चरबी त्यांना येथेच साठवायची असते. काठावरचे मोकाट कुत्रे, मोठ्याने वाजणारी गाणी किंवा छायाचित्रासाठी अगदी जवळ नेलेली होडी यांनी थवा उठला, की आपल्याला उडत्या पक्ष्यांचे सुंदर दृश्य दिसते. त्यांच्या वहीत तो खर्च लिहिला जातो.

करून पाहा

साहित्य: सारखे तीन स्टीलचे पेले, एक मोठे पातेले, तापमापी, सुती कापडाचे तुकडे, घड्याळ, टेबलपंखा.

प्रयोग १. तिन्ही पेल्यांत सारखेच, सुमारे ६० अंशांचे पाणी घ्या. पहिला उघडा ठेवा. दुसऱ्याभोवती कोरड्या कापडाचे तीन-चार सैल वेढे द्या. तिसऱ्याभोवती तेवढेच ओले कापड गुंडाळा. पंखा लावून दर ५ मिनिटांनी अर्धा तास तापमान नोंदवा. मग हाच प्रयोग पंखा न लावता करा. तिन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. ओल्या कापडाचा पेला बराच वेळ पंख्यासमोर ठेवला, तर त्याचे तापमान खोलीतील हवेच्याही खाली जाते का, ते पाहा. कोरड्या पेल्याचे जाते का?

प्रयोग २. एका पेल्यात आणि एका मोठ्या पातेल्यात ६० अंशांचे पाणी भरा. कोणते लवकर निवते? कारण पृष्ठफळ आणि घनफळ यांच्या भाषेत लिहा.

गरम पाणी हाताळताना मोठ्या माणसांची मदत घ्यावी.

निरीक्षण. डिसेंबर किंवा जानेवारीतील सात सकाळी, एकाच वेळी, एकाच वाटेने अर्धा तास फिरा. वहीत रकाने आखा: तापमान, वारा (झाडाची पाने हलतात की फांद्या), प्राणी, अंगाची ठेवण, तोंड कोणत्या दिशेला, एकटा की गटात, उन्हात की सावलीत. चिमण्या, साळुंक्या, बगळे, गायी-म्हशी, रस्त्यावरचे कुत्रे, सगळे चालतील. शेजारी कुत्रा पाळत असतील तर मोठ्यांबरोबर त्यालाही घेऊन जा, पण साखळीला बांधून. तुमच्यामुळे एखादा पक्षी उडाला तर तीही नोंद करा आणि तुम्ही किती पावलांवर होता ते लिहा. पुढच्या वेळी त्याच्या दुप्पट अंतरावर थांबा.

शिक्षकांसाठी: एकाच वर्गातील दहा विद्यार्थ्यांच्या वह्या एकत्र केल्यास वाऱ्याचा आणि बसण्याच्या दिशेचा संबंध आकड्यांत दाखवता येईल. उष्णता-संक्रमण, पृष्ठफळ-घनफळ आणि प्राण्यांचे अनुकूलन हे तीन धडे येथे एकत्र येतात.

प्रश्न

१. तापमान ५ अंश आणि वारा जोराचा असताना बाहेर ठेवलेल्या बादलीतले पाणी गोठेल का? कारण द्या.

२. २ सेंटिमीटर आणि ४ सेंटिमीटर बाजूच्या घनांचे पृष्ठफळ आणि घनफळ यांचे गुणोत्तर काढा. बाजू दुप्पट झाली की गुणोत्तराचे काय होते?

३. बदकाच्या पायातील रोहिणी आणि नीला एकमेकींपासून दूर असत्या तर काय झाले असते?

४. तळे गोठले तर मासा, बदक आणि बगळा यांपैकी कोणाची अडचण सर्वांत मोठी? का?

५. शीतनिद्रेतील प्राण्याला केवळ कुतूहलाने जागे करणे हे त्याच्या जिवावर कसे बेतू शकते, ते जमाखर्चाच्या भाषेत पाच ओळींत लिहा.